चौथी नाल

मी माझ्या बापाला मारलं आहे. एकदा नाही, तीनदा; एकामागून एक, चामड्याच्या पट्ट्यानं, आईच्या देखत. या पुस्तकात मी माझ्या हुशारीच्या गोष्टी पुष्कळ लिहिल्या. इंदूरच्या कॉलेजातल्या बक्षिसांच्या लिहिल्या, नालबंदाच्या घरातला पहिला बी. ए. म्हणून धारच्या बाजारातून लोकांनी मला मिरवलं तेही लिहिलं. ते सगळं खरं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. तो मी कशाला लपवू? पण मग हेही लिहिलं पाहिजे. नाहीतर जमाखर्चातली एकच बाजू दाखवणाऱ्या कारकुनासारखं होईल, आणि तसल्या कारकुनांना मी पुढं जन्मभर झाडत आलो.

आमचं घर धारला पागेच्या मागच्या अंगाला. पुढं अंगणात भाता, ऐरण आणि घोडा बांधायचा खुंट, मागं दोन खोल्या. जाग यायची ती हातोडीच्या आवाजानं. तापल्या लोखंडावर एक जड घाव आणि मग रिकाम्या ऐरणीवर दोन हलके, हात विसावायला. ठण्, टिक टिक. हा ठेका इतका कानात बसला होता की कॉलेजात शेक्सपिअर पाठ करतानाही मी तो त्याच चालीवर करत असे. खूर जळाल्याचा वास आमच्या कपड्यांना, पाण्याला, भाकरीलासुद्धा यायचा. गल्लीतली कुत्री तासलेल्या खुरांच्या कापांसाठी ताटकळत बसायची. आई ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी करी, सणावारी पुरणपोळी. पण पाहुणा माळव्यातला असला तर गोवऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे, बाफले, आणि वर तुपाची धार. घोडेवाले म्हणत, "काकी, घोड़ा तो बहाना है, हम तो बाफले खाने आते हैं."

वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. उंच, वाकलेले, दंड असे की जणू बाभळीचं खोड. ओठांत पाच-सहा खिळे धरून काम करायचे, म्हणून बोलणं कमी. घोड्यावर त्यांनी हात उगारलेला मी कधी पाहिला नाही. घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार लोक चावऱ्या घोड्याचा ओठ दोरीनं पिळायचे, तेव्हा नाना त्यांना बाजूला सारायचे. म्हणायचे, "आधी बोल. मग हात लाव. मग पाय माग. पाय ओढायचा नसतो रे, मागायचा असतो." मग खांद्यावर तळवा ठेवून पाठीवरून, पुठ्ठ्यावरून तो खाली सरकवत न्यायचे आणि घोडा आपण होऊन पाय त्यांच्या मांडीवर द्यायचा.

आमच्या घरची एक रीत होती. घोड्याला तीन नालांवर संध्याकाळ दाखवायची नाही. चौथी ठोकून झाल्याखेरीज घरात दिवा लागायचा नाही, आणि एकदा दिवा लागला की हातोडी उचलायची नाही. यामागं कारण होतं. आजोबा एकदा तीन नाला ठोकून उठले, उरलेली सकाळी ठोकू म्हणाले. पहाटे कुणीतरी तोच घोडा स्वारीला काढला, तो अडखळला आणि स्वाराची मान मोडली. पागेच्या आवारात आजोबांना खुंटाला बांधून कोरडे मारले. नाना तेव्हा आठ वर्षांचे होते आणि त्यांना ते समोर उभं करून पाहायला लावलं होतं. ही हकीकत त्यांनी आम्हाला एकदाच सांगितली आणि आम्ही ती गोष्ट ऐकावी तशी ऐकून सोडून दिली.

नानांचं बिघडायला लागलं ते हसण्यावारीच गेलं. खिळे ओठांत धरून ते अंगणात नुसते उभे राहत. एकदा त्यांनी मूठभर खिळे आईच्या पिठाच्या डब्यात ठेवले आणि भाकरीतून दादाच्या दाढेखाली एक आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पागेत नानांच्याच जागी लागलेला. तो गाल धरून म्हणाला, "नाना, मला नाल ठोकायची असली तर पाय पुढं करतो, तोंड कशाला?" सगळे हसलो. शेजारी म्हणाले, साठी बुद्धी नाठी. नाना स्वतःही हसले, पण जरा उशिरा, सगळ्यांचं पाहून.

वर्षभरात हसणं संपलं. ऊन उतरायला लागलं की नाना उठत, दाराशी जात, खुंटाकडं जात, परत येत. कुणी हात धरला की मारत. दादाच्या मनगटाचा लचका तोडला. अंघोळ घालायला आलेल्या शेजाऱ्याला तांब्या असा हाणला की त्याची भुवई फाटली. "राहिलं, राहिलं," एवढंच तोंडात. आम्हाला वाटलं, बडबड. दादानं त्यांची हत्यारं कोठीत टाकून कुलूप लावलं. राज्याच्या डॉक्टरनं झोपेचं औषध दिलं. त्यानं नाना दिवसा झोपत आणि तिन्हीसांजेला दुप्पट खवळत. मग कुणीतरी अमझेऱ्याचा एक देवऋषी आणला. तो म्हणाला, अंगात घोडा शिरलाय, डागला पाहिजे. आमच्याच भात्यावर, आमच्याच विस्तवात त्यानं सळई तापवली. भाता दादानं ओढला. चौघांनी नानांना पालथं धरलं आणि पाठीवर दोन डाग दिले. नाना किंचाळले नाहीत. मातीत गाल रुतलेला, आणि शांत आवाजात, शिकाऊ माणसाला सांगावं तसं म्हणाले, "फार तापवलंस. खूर जळतं अशानं." दादा भाता सोडून परसात गेला आणि ओकला.

हे मी आईकडून ऐकलं. मी त्या वेळी कॉलेजात. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो तो पायात बूट घालून, आमच्या घरातले पहिले बूट. नानांनी मला ओळखलं नाही. बुटांकडं मात्र बराच वेळ पाहत राहिले.

चार दिवसांनी ते झालं. अंधाराला नाना भितात, अशी आमची समजूत. म्हणून आई आता दिवा लवकर लावायला लागली होती, ऊन अजून भिंतीवर असतानाच. वात पेटलेली नानांनी पाहिली मात्र, त्यांचा चेहरा असा झाला की काय सांगू. जणू कुणीतरी समोर मेलं. त्यांनी दिवा लाथेनं उडवला. आई तेल पुसायला वाकली तर तिचं उजवं मनगट धरलं आणि पिळलं. हाड मोडल्याचा आवाज मी खोलीच्या पलीकडून ऐकला. ओली काटकी मोडावी तसा. आई ओरडलीही नाही, "अहो, मी... अहो, मी आहे," म्हणत राहिली, आणि ते पिळतच राहिले.

भिंतीवर त्यांचाच कातडी पट्टा होता. मी तो ओढला आणि मारला. पहिला फटका हात सोडवायला मारला, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. पहिल्याच फटक्याला त्यांनी आईचा हात सोडला होता. दुसरा आणि तिसरा मी रागानं मारला. पाठीवरचे डाग अजून ओले होते, तिथंच बसले. नाना गुडघ्यांवर खाली गेले, माझ्या बुटांपुढं हात जोडले आणि म्हणाले, "सरकार, होतंच आलंय. एकच राहिलाय. मारू नका सरकार."

मी म्हणालो, "गप्प बसा." वेडाचं बोलणं वाटलं मला. सबंध घरात शिकलेला मी एकटा, आणि मला वाटलं वेडाचं बोलणं!

त्या दिवसापासून आम्ही त्यांना बांधायला लागलो. घोड्याचे मागचे पाय बांधायचा दोर असतो, पिछाडी म्हणतात, त्यानंच. आईच्या हाताला बांबूच्या पट्ट्या बांधल्या. दादा म्हणाला, "आता इंदूरचा पागलखाना. दुसरा उपाय नाही. मी भरतीची चिठ्ठी आणायला जातो. तोवर तू यांना देवासला आक्काकडं ने. एकदा लेक पाहू दे त्यांना. पुन्हा कुठली भेट?" पागलखान्यात म्हाताऱ्यांचं काय होतं ते आम्ही दोघंही जाणून होतो. साखळी, थंड पाण्याचा मारा, आणि पावसाळ्याच्या आत निरोप. मी मान डोलावली. मला माझी परीक्षा दिसत होती.

बैलगाडीनं तीन दिवस. नाना बांधलेले, आई त्यांच्या तोंडात पाणी घालत डाव्या हातानं. देवासात तेव्हा दोन राजे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, पण रस्त्याच्या या बाजूला एकाचं राज्य, त्या बाजूला दुसऱ्याचं. आक्का माझी थोरली बहीण. तिचे यजमान, आमचे दाजी, एका पातीच्या पागेत नालबंद. आक्कानं गाडीत डोकावून दोर पाहिले आणि पहिलं वाक्य बोलली ते मला. "हे कुठल्या पुस्तकात आहे रे?"

दोर तिनंच सोडले. संध्याकाळी नाना नेहमीसारखे उठले, दाराशी, खुंटाशी, दाराशी. दाजींनी अडवलं तर छातीवर गुद्दा बसला. मी पट्ट्याकडं नाही, पण दोराकडं हात नेला. तेवढ्यात आक्का न पेटवलेला दिवा घेऊन उंबऱ्यात आली. लहानपणी ते तिचं काम असे, मी शाळेच्या पुस्तकात असताना. सवयीनं, काही मनात न धरता ती म्हणाली, "नाना, लावू का दिवा?"

नाना जागच्या जागी थांबले. असा आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. बापाचा आवाज. "थांब पोरी. एक राहिलाय."

आक्कानं दिवा खाली ठेवला. माझ्याकडं वळली. तिचे डोळे भरले होते पण जीभ धारेवर. "अरे करंट्यांनो, म्हातारा रोज तीन नालांवर संध्याकाळ पाहतोय! तुम्ही हत्यारं लपवलीत, वर उजेडातच दिवा लावलात. आजोबांसारखे कोरडे बसणार म्हणून जीव जातोय त्याचा. आणि तुम्ही..." तिला पट्ट्याचं माहीत नव्हतं. आई खाली पाहत होती.

त्या दिवशी बाहेर अंधार गडद झाला तरी घरात दिवा लागला नाही. नाना खुंटाशी बसल्या बसल्या झोपी गेले.

चौथा पाय नानांना करू द्यायचा, तर दुसऱ्या दिवशी घोडा पाहिजे होता. नेमकी दाजींच्या पातीची सगळी पागा शिकारीच्या तळावर गेलेली. मी रस्ता ओलांडून दुसऱ्या राज्यात गेलो. तिथल्या मोतद्दाराला म्हटलं, एक तट्टू दे, घटकाभर. तो हसायला लागला. "अरे भिया, उधर का हथौड़ा इधर के घोड़े को लगा तो मेरी नौकरी जाएगी के नी? बीस कदम पर दूसरा राज है. अंग्रेजी पढ़े हो, इतना नी समझते?" टांगेवाल्यांकडं गेलो, कुंभाराच्या गाढवासाठीसुद्धा हात जोडले. वेड्याच्या हाती जनावर कोण देतो? ऊन टेकडीला टेकलं तसा मी रिकाम्या हातानं परतलो.

अंगणात रक्त होतं. दाजी ओट्यावर बसलेले, तोंडावर फडकं, पुढचे दोन दात ओंजळीत. त्यांनी हातोडी काढून घ्यायला पाहिली होती. नाना खुंटापाशी, हातात तीच हातोडी, ओठांत खिळे, डोळे टेकडीवरच्या उन्हाकडं. आई कोपऱ्यात. आक्का उंबऱ्यात, दिवा घेऊन.

"मिळालं?" आक्कानं विचारलं.

"नाही."

नाना माझ्याकडं वळले आणि चालत आले. मी एक पाऊल मागं सरलो. त्याबरोबर हातोडी वर गेली.

"सरू नकोस!" आक्का म्हणाली. "बिचकलास तर डोकं फुटेल. तुझ्या पायात बूट आहेत ना? उभा राहा. खुंट धर आणि उभा राहा."

मी खुंट धरला. पाठ त्यांच्याकडं. हातोडी दिसत नव्हती, हे सगळ्यात वाईट. मग खांद्यावर तळवा आला. "हो... हो बेटा... भिऊ नको." तो तळवा पाठीवरून खाली आला, कमरेवरून, मांडीवरून, पोटरीवरून, सावकाश. लहानपणानंतर बापानं मला असा हात लावला नव्हता. त्यांनी खांदा माझ्या कुशीला टेकवला, माझा भार उजव्या पायावर गेला आणि डावा पाय आपसूक उचलला गेला. त्यांनी मागितला आणि मी दिला. तो त्यांनी मांडीवर घेतला, बुटाची झिजलेली टाच अंगठ्यानं चाचपली. "हा बघ. हाच राहिला होता." दाजींच्या हत्यारांच्या खोक्यात हात घालून एक लहान नाल काढली. खेचराची. माझं माप त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

पहिला खिळा बुटाच्या टाचेतल्या कातड्यात गेला. दुसराही. ठण्, टिक टिक. तिसऱ्याला आवाज बदलला. तो आवाज नालबंदाचं पोर झोपेतही ओळखतं. खिळा जिवंत मांसात गेला की घाव मऊ वाजतो. नाना थांबले. ते वाट पाहत होते. चुकला खिळा तर जनावर झटका देतं, मग नालबंद खिळा उपसतो. हे मला ठाऊक असून मी हललो नाही. दात आवळून उभा राहिलो. मला वाटलं, हे माझं देणं आहे, सोसलं पाहिजे. हाही एक माजच. मी हललो नाही, म्हणून त्यांनी पुन्हा घाव घातला, आणि पुन्हा. बुटात ऊन ऊन रक्त भरलं.

"अरे ओरड ना मूर्खा!" आक्का किंचाळली. "ओरडल्याशिवाय कळायचं कसं त्यांना?"

मी ओरडलो. सगळं देवास ऐकेल असा, दोन्ही राज्यांत. खुंटाला डोकं आपटून ओरडलो. त्याच क्षणी हातोडी खाली पडली, पकडीनं खिळा धरला गेला आणि एका हिसक्यात बाहेर आला. नानांनी टाचेवर अंगठा दाबून धरला, माझ्या पोटरीला गाल लावला आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "चुकलो रे. चुकलो बाबा. माफ कर. मुकं जनावर तू." घोड्याची माफी मागत होते ते. मी पट्ट्याची माफी त्यांच्याकडं कधीही मागितली नव्हती, आणि त्या वेळीही मागितली नाही.

मग त्यांनी तो खिळा जागा बदलून, कडेला, हलक्या हातानं ठोकला. पाय खाली ठेवला. उन्हाची शेवटची कड टेकडीवर होती. ते उठले, हात झटकले.

"झालं. लाव गं दिवा."

आक्कानं दिवा लावला. नाना ओट्यावर बसले, दाजींच्या शेजारी, आणि त्यांच्या सुजलेल्या तोंडाकडं पाहून कळवळून विचारलं, "काय झालं हो पाहुणे?" दाजी फडक्याआडून म्हणाले, "काही नाही. घोड्यानं लाथ मारली." नाना म्हणाले, "मागून गेला असाल." आई हसली आणि हसता हसता रडायला लागली.

पाचव्या दिवशी दादा चिठ्ठी घेऊन आला. मला लंगडताना पाहून म्हणाला, "हे काय?" मी बूट दाखवला. त्यानं नाल पाहिली, खिळ्यांची ओळ पाहिली, तिच्यावरून बोट फिरवलं. कामाचं पाहणारं बोट. "काय सरळ ठोकलीय," तो म्हणाला. मग ती चिठ्ठी त्यानं भात्याच्या विस्तवात घातली.

नाना बरे झाले, असं कुणी समजू नये. ते कधी बरे झाले नाहीत. मला त्यांनी शेवटपर्यंत ओळखलं नाही, आणि अंघोळीच्या वेळी आईनं आणखी मार खाल्ला. पुढं पुढं ती आधी बोलायची, मग खांद्यावर हात ठेवायची, मग पायांवर पाणी घालायची, तेव्हा तो कमी झाला. पण रोज ऊन उतरायच्या आत कुठलंतरी जनावर खुंटाला असे, धारला परतल्यावर दादानं ते होता होईतो चुकवलं नाही. तीन पाय तो करी, चौथा नानांचा. ज्या दिवशी घोडा मिळाला नाही त्या दिवशी घरात मारामारी झाली. परीक्षेला मी एक वर्ष उशिरा बसलो. माझी टाच अजूनही थंडीत ठणकते. आता मीही नावं विसरायला लागलोय. परवा सुनेला आक्का म्हणून हाक मारली. तिला मी हे प्रकरण आधी वाचायला देणार आहे. उद्या मी कुणावर हात टाकला तर दोर शोधण्याआधी तिनं विचारावं, माझं काय राहिलंय ते.

दोन पावसाळ्यांनंतर नाना गेले, धारलाच, भर दुपारी. त्यांना जमिनीवर घेतलं. शेजारणी उशाशी दिवा लावायला पुढं झाल्या. आईनं त्यांना अडवलं. तिचं उजवं मनगट वाकडंच राहिलं होतं. ती म्हणाली, "थांबा. घोडा उभाय बाहेर."

खुंटाला एक तट्टू होतं. तीन पाय झालेले. दादा उठला. बापाचं प्रेत घरात, लोक दारात, आणि दादानं तट्टाच्या खांद्यावर हात ठेवला, पाठीवरून खाली आणला, पाय मागितला. मी त्याला एकेक खिळा देत गेलो. ठण्, टिक टिक. तट्टाचा पाय खाली ठेवून दादानं तोंड उघडलं, पण त्याला शब्द फुटेना.

म्हणून मी म्हणालो, "झालं."

मग आईनं डाव्या हातानं दिवा लावला.